निम्मोचं झाड

हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीचे हे थांबे मला मावशीच्या आजारपणात पाठ झाले. तिला आतड्याचा कर्करोग झाला होता. दर पंधरा दिवसांनी कोल्हापूर गाठायचं, केमो घ्यायची, दोन रात्री तिथे काढायच्या आणि परत फिरायचं. सोबतीला मी असायचो, आणि असायच्या तिच्या शाळेतल्या बाई.

दोघींनी एकाच द्विशिक्षकी शाळेत अठ्ठावीस वर्षं काढली होती. पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे. एक रजेवर गेली की दुसरीने चारही वर्ग एका खोलीत बसवायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दोघी एकमेकींना ‘बाई’च म्हणत आणि अहो-जाहो करत.

‘‘बाई, खिडकी लावून घेऊ का? वारं बाधेल तुम्हाला.’’

‘‘राहू द्या बाई, बरं वाटतंय.’’

बाईंच्या पिशवीत एक छोटी डायरी असे. हजेरीपत्रकासारखे उभे-आडवे रकाने आखलेले. तारीख, वजन, पांढऱ्या पेशी किती, जुलाब किती वेळा, पेज गेली की नाही. डॉक्टरांनी काही विचारलं की मी आठवत बसायचो. बाई डायरी उघडायच्या.

श्रावणातल्या एका फेरीला आंबा घाटात दरड आली होती आणि गाडी तास-दीड तास अडकून पडली. मी पाय मोकळे करायला उतरलो. धुकं इतकं की समोरच्या ट्रकचा दिवाही पिवळट डागासारखा दिसत होता. रस्त्याच्या कडेला, कठड्यापलीकडे एक मध्यम उंचीचं झाड होतं. फांद्यांच्या टोकाला रुंद पानांचे झुबके आणि त्यात बारीक फुलांचे पिवळसर तुरे. वास मात्र असा, की नाकाला रुमाल लावावा. गाडीतलेच एक आंबा गावचे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, ‘‘नरक्या हो तो. फुलावर आला की अशीच घाण मारते.’’

नाव ऐकताच नरक आठवावा असं ते झाड. कुठे त्याला घाणेरा म्हणतात, तर कुठे अमृता. एकाच झाडाला नरक आणि अमृत ही दोन्ही नावं कशी मिळाली, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पडला दुसऱ्या दिवशी, मावशीच्या पलंगाशी बसून सलाइनच्या थेंबांकडे बघत असताना. पिशवीवरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव होतं: इरिनोटेकॅन. हे औषध ज्या द्रव्यापासून बनवतात त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन, आणि ते द्रव्य ज्या मोजक्या झाडांतून मिळतं त्यातलं एक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नरक्या. आदल्या दिवशी ज्याच्यापासून मी तोंड फिरवलं होतं, तेच.

तेव्हापासून मी या झाडाचा माग काढत आलो. त्यात माणसं भेटली, आणि भेटली ती जोडीजोडीनेच.

पहिली जोडी मनसुख वाणी आणि मॉन्रो वॉल यांची. वाणी आपल्या खान्देशातल्या नंदुरबारचे. जन्म १९२५ चा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, मुंबईत महाविद्यालयात शिकवलं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९६२ साली ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तिथली नैसर्गिक द्रव्यांची प्रयोगशाळा दोनच वर्षांपूर्वी वॉल यांनी उभी केली होती. वाणी तेव्हा ३७ वर्षांचे, वॉल ४६ चे. तिथून पुढे ४० वर्षं दोघं एकत्र काम करत राहिले. २००२ साली वॉल गेले तेव्हाच ती जोडी तुटली.

वॉल यांची गोष्ट थोडी आधी सुरू होते. ते अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिझोन बनवायला लागणारा कच्चा माल वनस्पतींत मिळतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी हजारो झाडाझुडपांचे अर्क काढले. त्यातले काही अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे उंदरांवरच्या चाचणीसाठी गेले. बहुतेक फुकट गेले. एक मात्र विलक्षण प्रभावी ठरला. तो होता कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा. चीनमध्ये त्या झाडाच्या नावाचा अर्थ आनंदवृक्ष असा होतो. म्हणजे तिकडे जे द्रव्य आनंदाच्या झाडात आहे, तेच इकडे नरक्यात! ही गोष्ट कळली त्या दिवशी मी ती तीन-चार जणांना तरी फोन करून सांगितली.

हे काम पुढे न्यायचं म्हणून वॉल नव्या जागी आले आणि तिथे त्यांना वाणी मिळाले. काम काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. वाळलेलं लाकूड दळायचं, त्यातली चरबी आधी काढून टाकायची, मग अर्क काढायचा. त्या काळपट अर्कात शेकडो द्रव्यं. कर्करोगाला मारणारं त्यातलं नेमकं कुठलं, हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायला पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. ज्या भागात गुण उतरला तो ठेवायचा, बाकीचा बाजूला. मग त्या भागाचे पुन्हा भाग. आपल्याकडे सुपात तांदूळ पाखडतात तसंच हे, फक्त इथे तांदूळ कुठला आणि कोंडा कुठला हे सांगणारा उंदीर दूर दुसऱ्या गावी, आणि त्याचा निरोप यायला दिवसचे दिवस. अशा वाट पाहण्यात माणूस एकटा असेल तर त्याचा धीर सुटेल. मला तरी वाटतं, प्रयोगशाळेतली मैत्री मोठ्या शोधांच्या दिवशी जुळत नाही. ती या रिकाम्या, निरोपाच्या दिवसांत जुळते.

१९६६ साली कॅम्प्टोथेसिन शुद्ध रूपात हाती आलं आणि त्याची रचना उलगडली. त्या निबंधावर पहिलं नाव वॉल यांचं, त्यापाठोपाठ वाणी. याच दोघांनी त्या सुमारास दुसरं एक झाड हाती घेतलं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातलं पॅसिफिक यू, टॅक्सस ब्रेव्हिफोलिया. त्याची साल १९६२ साली गोळा केलेली. बारा किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य निघालं. वॉल यांनी त्याला टॅक्सॉल म्हटलं. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ते पॅक्लिटॅक्सेल या नावाने दिलं जातं. त्याच्या रचनेचा निबंध १९७१ साली आला. त्यावर पहिलं नाव वाणी यांचं आणि वॉल तिसऱ्या क्रमांकावर.

ही नावांची अदलाबदल मी कितीतरी वेळ बघत बसलो. ज्यांनी निबंधांवरच्या नावांवरून झालेली भांडणं पाहिली असतील, त्यांना तिचं मोल कळेल. प्रयोगशाळेचा प्रमुख कनिष्ठ सहकाऱ्याला पुढे करून आपण दोन पावलं मागे उभा राहतो, तेही अशा द्रव्याच्या वेळी की जे पुढे जगभर जाणार आहे. अर्थात तेव्हा ते जगभर जाईल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. उलट पुढची वर्षं निराशेचीच होती. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नव्हतं. त्याचा क्षार करून रोग्यांना दिला तेव्हा त्याने मूत्राशयाला फार इजा केली आणि १९७० च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध फडताळात गेलं.

ते परत बाहेर आलं १९८५ साली, जेव्हा ते पेशीत नेमकं काय करतं हे समजलं. काथ्याची दोरी वळताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला सोपं. दोन पदरांची पीळ दिलेली दोरी मधूनच उकलायला घेतली, की पुढचा पीळ आणखी घट्ट होत जातो. पेशी दुप्पट होताना तिच्या आतल्या डीएनएच्या दोरीचं हेच होतं. म्हणून पेशीतलं एक विकर त्या दोरीचा एक पदर अलगद कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेलं टोक पुन्हा जोडून टाकतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडू देत नाही. भराभर वाढणारी पेशी तिथे तुटते. इकडे रसायनशास्त्रज्ञांनी मूळ द्रव्यात फेरफार करून सोसवेल अशी औषधं बनवली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली परवानगी मिळाली. पहिल्या अर्काचा गुण दिसल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षांनी.

केटरिंग पारितोषिक २००० साली दोघांना मिळून मिळालं. वॉल ८५ वर्षांचे होऊन गेले. वाणी त्यांच्यानंतर अठरा वर्षं होते. २०२० च्या एप्रिलमध्ये, ९५ व्या वर्षी ते गेले. तेव्हा सगळं जग एका नव्या रोगाच्या भीतीने दारं लावून बसलं होतं. नंदुरबारात जन्मलेला हा माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे किती जणांपर्यंत पोचली असेल? माझ्यापर्यंत तर ती फार उशिरा पोचली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नरक्याचा या कथेतला प्रवेश १९७२ चा. मुंबईत गोरेगावला सीबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं, आणि तेही भरपूर प्रमाणात. पुढे जे झालं ते सांगताना जीव तुटतो. जगात मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची तोड सुरू झाली. द्रव्य लाकडात, सालीत, मुळांत असतं, म्हणून झाड नुसतं छाटून भागत नाही. ते मुळासकट उपटतात. त्याच्या तस्करीच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. ज्या झाडाला जंगलात कुणी हात लावत नव्हतं, ते झाड माणसाला वाचवू लागलं म्हणून मारलं गेलं.

आता दुसरी जोडी. ती पहिलीच्या सव्वाशे वर्षं आधीची.

नरक्याचं शास्त्रीय नाव नोथॅपोडायटिस निम्मोनियाना. मी बरेच दिवस समजत होतो की हा कुठलातरी लॅटिन गुणविशेष असावा. मग कळलं, ते माणसाचं नाव आहे. १८३० च्या दशकात मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचे स्कॉटिश अधिकारी होते. झाडांचं वेड लागलेला माणूस. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पद्धतशीर यादी त्यांनी लिहायला घेतली. त्या कामात त्यांना जोसेफ निम्मो यांची साथ होती. घाटातल्या या घाणेऱ्या झाडाला ग्रॅहमनी आपल्या मित्राचं नाव दिलं: प्रेम्ना निम्मोनियाना.

नुसतं एवढंच नाही. कोकणात आणि घाटात चौर नावाचं एक झाड आहे. कुणी त्याला रानभेंडी म्हणतात. पावसाच्या शेवटी त्याला भेंडीच्या फुलांसारखी पिवळीधमक फुलं येतात आणि मग काटेरी केसांनी भरलेली फळं. हे झाड पश्चिम घाटाबाहेर कुठे आपसूक उगवत नाही, आणि त्याच्या प्रजातीत ते एकटंच आहे. ग्रॅहमनी त्याचं नाव छापलं एरिनोकार्पस निम्मोनाय. प्रजातीचं नाव सुचवलं होतं निम्मोंनी, म्हणून आजही शास्त्रीय ग्रंथांत त्या नावापुढे आधी निम्मो लिहितात आणि मग ग्रॅहम. सुचवलं त्याने, छापलं मी. इतका साधा हिशेब, आणि तो जवळजवळ १९० वर्षं चोख चालत आला आहे.

ग्रॅहमना मात्र आपलं पुस्तक पुरं झालेलं पाहता आलं नाही. १८३९ च्या मे महिन्यात, पुस्तक छापखान्यात असतानाच, खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला. उरलेलं काम निम्मोंनी हाती घेतलं आणि पुस्तक त्याच वर्षी बाहेर आलं. मुखपृष्ठावर नाव ग्रॅहम यांचं.

ते दिवस कसे गेले असतील, असं माझ्या मनात येतं. मुंबईचा मे महिना. समोर मित्राच्या अक्षरातली टिपणं. त्यातला एखादा शब्द लागत नाही आणि विचारायला माणूस नाही. मुद्रितं तपासताना मध्येच आपलंच नाव समोर येतं, मित्राने झाडाला दिलेलं. पुस्तक पुरं करण्याखेरीज त्या माणसाच्या हातात दुसरं काय होतं?

वनस्पतिशास्त्रात एक जुना संकेत आहे. कुणी स्वतः शोधलेल्या झाडाला स्वतःचं नाव देत नाही. ते बरोबरच्या माणसाने द्यायचं असतं. कितीही डोंगर पायाखाली घाला, तुमचं नाव पानाफुलांत राहायचं की नाही हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. मला हा संकेत फार मोलाचा वाटतो.

ग्रॅहमची एक चूक झाली होती. हे झाड प्रेम्ना प्रजातीतलं नव्हतंच. नंतरच्या अभ्यासकांनी ते दुसरीकडे हलवलं आणि मधल्या काळात त्याला फोएटिडा, म्हणजे दुर्गंधी, हे नाव चिकटलं. गोरेगावच्या संशोधनातही ते मॅपिया फोएटिडा म्हणूनच येतं. पण शास्त्राचा नियम असा की सर्वांत आधी छापलेलं विशेषण खरं धरायचं. जुन्या याद्या चाळताना कुणाच्या तरी लक्षात आलं की ग्रॅहमचं १८३९ चं नाव त्याहून आधीचं आहे. तेव्हा दुर्गंधी हे नाव गळून पडलं आणि निम्मो परत आले.

मावशी त्या आजारातून उठली आणि आणखी चार वर्षं राहिली. त्या चार वर्षांत तिने दोन नातवंडांना बाराखडी शिकवली, एकदा गणपतीत सगळ्यांसाठी उकडीचे मोदक केले. मग रोग पुन्हा आला आणि तेव्हा घाट चढायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

यंदा श्रावणात काही कामासाठी कोल्हापूरला जायचं होतं. बाईंना विचारलं, येता का? वय झालंय, गुडघे दुखतात, पण लगेच तयार झाल्या. घाटात गाडी एका मोकळ्या जागी बाजूला घेतली. तेच झाड असेल असं म्हणवत नाही. धुक्यात सगळी वळणं सारखीच. पण नरक्या होता आणि फुलावर होता. बाई गाडीतच बसून राहिल्या. मी खाली पडलेलं एक पान उचलून आणलं आणि वाणी, वॉल, ग्रॅहम, निम्मो, सगळं त्यांना सांगितलं. त्या नेहमीसारख्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा ‘‘नंदुरबारचे का?’’ एवढंच विचारलं.

पान त्यांनी नाकाशी नेलं, चुरगळून पाहिलं.

‘‘वास आहे हो खरंच.’’

मग पिशवीतून ती जुनी डायरी काढली. अजून पिशवीत असते हे मला माहीत नव्हतं. पान कुठे ठेवावं म्हणून त्या रकाने उलटत गेल्या. सगळीकडे त्यांचंच गोलसर, फळ्यावरचं अक्षर. एका पानावर थांबल्या. त्या फेरीला त्यांना ताप आला होता आणि त्या आमच्याबरोबर येऊ शकल्या नव्हत्या. तिथलं अक्षर मावशीचं होतं, हात थरथरत असल्यामुळे रेघेखाली घसरलेलं. तारीख, वजन, पेशी, सगळे रकाने नीट भरलेले, आणि खाली एक ओळ: आज बाई गैरहजर. नोंद मी केली.

बाईंनी पान तिथे ठेवलं, डायरी मिटली आणि म्हणाल्या, ‘‘चला. मलकापूरला चहा घेऊ.’’